दुसऱ्या भागात कोण उरतं?

आपल्या शाळेच्या अंकात मराठीला दरवर्षी एक पान मिळतं आणि त्यावर दरवर्षी तेच छापून येतं. 'माझी आई', 'पावसातली परेड' आणि 'शिवरायांचे व्यवस्थापन कौशल्य'. यातला शेवटचा लेख मी स्वतः आठवीत लिहिला होता, त्यामुळे तक्रार करायचा हक्क मला नाही. यंदा संपादक मंडळाने जागा जास्त दिली आहे (मराठी लिहू शकणारे आम्ही सातजण, त्यातल्या चौघांनी काहीच दिलं नाही), तेव्हा लाइट्स आऊटनंतर डॉर्ममध्ये आम्ही ज्यावर खरोखर बोलतो त्यावरच लिहितो. येऊ घातलेल्या सिनेमांवर.

शाळेत मोबाइल नाही. म्हणून आमच्याकडे ट्रेलर बघत नाहीत, सांगतात. सुट्टीवरून येणारा प्रत्येकजण दोन-चार ट्रेलर पाठ करून येतो आणि रात्री अंधारात ते करून दाखवतो. लोखंडी कपाट म्हणजे रणगाडा, बादली म्हणजे हेल्मेट. पार्श्वसंगीत बाकीच्यांनी द्यायचं. हाऊस मास्तरांची टॉर्च दिसली की मध्यंतर.

यंदा सगळ्यांत जास्त भांडण झालं ते पुढच्या भागांवरून. हल्ली सिनेमा संपतच नाही, 'पुढे चालू' होतो. माझा शेजारी मंड्याचा. त्याचं म्हणणं, 'केजीएफ'चा तिसरा भाग आलाच पाहिजे. पहिला २०१८ च्या डिसेंबरात आला, दुसरा १४ एप्रिल २०२२ ला, आणि दुसऱ्याच्या अगदी शेवटी तिसऱ्याची वाट मोकळी करून ठेवली आहे. रॉकी सोन्यासकट समुद्रात बुडतो, पण मंड्यावाल्याच्या मते कन्नड हिरोला पाण्याने काही होत नाही.

मी म्हटलं, तिसरा भाग काढायचा तर रॉकीला बाहेर काढू नका, कोलारला जा. खरं कोलार गोल्ड फील्ड्स आपल्या बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथली चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून जास्त खोल होती. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या. सोनं संपत आलं, काढायचा खर्च परवडेना. माणसं मात्र तिथेच राहिली. आपल्या मेसमध्ये वाढायला असतात त्या काकांचे वडील त्या खाणीत होते. काका सांगतात की खाण बंद झाली तेव्हा त्यांच्या गल्लीतले निम्मे लोक पहाटेची गाडी पकडून बेंगळुरूला कामाला यायला लागले, आणि अजून येतात. कुणी बांधकामावर, कुणी वॉचमन. सिनेमा काकांनी तीनदा पाहिला. आवडला. "त्यात आमचं गाव कुठेच नाही," एवढंच म्हणाले आणि मला जास्तीची पोळी वाढली.

'कांतारा'चं मात्र मी कौतुक करतो. त्यांनी २०२२ च्या सिनेमानंतर पुढे न जाता मागे जायचं ठरवलं आणि या २ ऑक्टोबरला 'चॅप्टर १' आणला. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीलाच राजाची आणि जमिनीची गोष्ट सांगून तो प्रश्न उघडा ठेवला होता. ज्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय त्याचा दुसरा भाग निघाला तर हरकत नाही. याच्या उलट उदाहरण 'केसरी चॅप्टर २'चं. पहिला 'केसरी' १८९७ च्या सारागढीचा, दुसरा जालियनवाला बागेनंतर कोर्टात लढलेल्या सी. शंकरन नायर यांचा. दोन्ही विषय मोठे, पण एकमेकांचे कोण? नाव चालतं म्हणून नाव लावलं.

आता मुद्द्यावर येतो. २३ जानेवारीला 'बॉर्डर २' येतोय.

हा सिनेमा माझ्या दृष्टीने साधा नाही. मी या शाळेत आहे तोच 'बॉर्डर'मुळे. आमच्या घरी सातारा जिल्ह्यात दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला टीव्हीवर 'बॉर्डर' लागायचा. पहिली ते पाचवी मी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. सहावीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत सैन्यात का जायचंय असं विचारलं, तेव्हा मी सनी देओलचा आवाज काढून दाखवला होता. साहेब हसले. मला वाटलं, काम झालं.

दहावीत असताना ग्रंथालयात जुने पेपर चाळताना मला एक बातमी सापडली. १९ डिसेंबर २०२२ ला जोधपूरमध्ये भैरोसिंह राठोड यांचं वयाच्या ८१ व्या वर्षी निधन झालं होतं. सुनील शेट्टीने 'बॉर्डर'मध्ये केलेले ते भैरोसिंह! सीमा सुरक्षा दलाचे, लोंगेवालाला लढलेले, १९७२ मध्ये सेना मेडल मिळालेले. सिनेमात त्यांना वीरमरण येतं आणि आमच्या घरात तिथे दरवेळी सगळे गप्प व्हायचे. खरे भैरोसिंह लढाईतून परत आले, पुढे नोकरी केली, १९८७ मध्ये निवृत्त झाले आणि गावी राहिले. १९९७ मध्ये देशभर लोक थिएटरात त्यांच्या मरणावर रडत होते, तेव्हा ते जोधपूर जिल्ह्यात आपल्या घरी होते. नंतरही पंचवीस वर्षं होते.

लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सव्वाशेच्या आसपास जवान रणगाड्यांसमोर उभे राहिले. सकाळ होताच जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि रणगाडे वाळूत जळाले. आपले दोन जवान कामी आले. दोन. सिनेमात किती मरतात ते मोजून बघा. मी बातमी वाचल्यावर वही घेऊन बसलो होतो, मध्येच सोडून दिलं.

मला पहिल्यांदा राग आला तो फसवलं म्हणून. मग विचित्र वाटलं. सव्वाशे माणसं रणगाडे अडवतात आणि त्यातली जवळजवळ सगळी जिवंत घरी जातात, ही जास्त मोठी गोष्ट नाही का? लेखकाला ती लहान का वाटली असेल?

आमचे सीनियर एसएसबीची तयारी करतात. त्यात चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. अर्धा मिनिट चित्र बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, आणि शेवटी एक कोरा पडदा असतो, त्यावर मनाची गोष्ट. सीनियर पहिला धडा हाच देतात की हिरोला मारू नका. त्याला अडचण द्या, साथीदार द्या, अक्कल वापरू द्या आणि काम पूर्ण करून परत आणा. आपल्या बेंगळुरूच्याच सिलेक्शन सेंटरला 'बॉर्डर'चे लेखक बसले असते तर पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये काय झालं असतं, हा आमच्या डॉर्ममधला आवडता विनोद आहे.

यावर सोनिपतच्या मित्राने मला अडवलं. "कोई मरेगा नहीं तो ताली कौन बजाएगा?" त्याचं म्हणणं एकदम टाकाऊ नाही. टाळ्या मीही वाजवल्या आहेत. पण त्याच्याच जिल्ह्याचं नाव घेऊन मी त्याला गप्प केलं. 'बॉर्डर २'मध्ये वरुण धवन जे मेजर होशियारसिंह दहिया करतोय, ते सोनिपतच्या सिसाना गावचे. १९७१ च्या युद्धात चार परमवीर चक्रं मिळाली. अल्बर्ट एक्का, निर्मलजीतसिंग सेखों आणि अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर. चौथे होशियारसिंह. बसंतरच्या लढाईत गंभीर जखमी होऊनही ते खंदकाखंदकांतून फिरून आपल्या जवानांना उभं करत राहिले आणि जगले. परमवीर चक्र त्यांनी स्वतः स्वीकारलं. १९९८ मध्ये ते वारले. तेव्हा 'बॉर्डर २'कडून माझी एवढीच अपेक्षा आहे की होशियारसिंहांना जिवंत ठेवा. दिलजीत दोसांझचे सेखों श्रीनगरच्या आकाशात एकटे लढताना पडणार हे मला माहीत आहे, तिथे मी रडेन, ते खरं आहे. पण जे परत आले त्यांना परत येऊ द्या. सुनील शेट्टीचा मुलगा अहान यात आहे. त्याला बघताना मला भैरोसिंह आठवणार, त्याला इलाज नाही.

'बॉर्डर'चा एक दुसरा भाग खरं तर येऊन गेलाय, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही. १३ जून १९९७ ला, 'बॉर्डर' लागला त्याच दिवशी, दिल्लीच्या उपहार थिएटरात दुपारच्या खेळाला आग लागली आणि ५९ माणसं गेली. त्यात नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन मुलं होती, सतरा वर्षांची उन्नती आणि तेरा वर्षांचा उज्ज्वल. आईवडील पुढे वर्षानुवर्षं कोर्टात लढले, पुस्तक लिहिलं, आणि त्यावरून २०२३ च्या जानेवारीत 'ट्रायल बाय फायर' ही मालिका आली. आईचं काम आपल्या राजश्री देशपांडेने केलंय आणि वडिलांचं अभय देओलने, म्हणजे सनीच्या चुलतभावाने. मी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर पाहिली. एकही गोळी सुटत नाही. एक बाई फाइल घेऊन जिने चढते, उतरते, पुन्हा चढते. आई बघता बघता म्हणाली, "ती पोरगी तुझ्याएवढी." मग टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसली आणि पुढचे भाग माझ्याशिवाय बघायचे नाहीत असा दम दिला.

मराठीचं म्हणाल तर 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे. तात्या विंचू बाहुला असल्यामुळे कितीही वेळा येऊ शकतो, पण १९९३ चा सिनेमा बाहुल्याचा नव्हता, लक्ष्याचा होता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. घाबरलेला लक्ष्या नसेल तर बाहुल्याने घाबरवायचं कुणाला? आणि 'द फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन नोव्हेंबरात आलाय तो मी या सुट्टीत बघणार आहे. श्रीकांत तिवारीपेक्षा मला जे. के. तळपदेची काळजी जास्त आहे. एवढा कामाचा मराठी माणूस, आणि जो तो त्याला गाडी काढायला सांगतो. त्याची वेगळी मालिका काढा, मी पहिला प्रेक्षक.

आता आबांबद्दल लिहितो, कारण हा सगळा वाद माझ्या डोक्यात त्यांच्यामुळे सुरू झाला.

आबा म्हणजे माझे आजोबा. पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, जंगी पलटण, १९७१ ला पूर्व आघाडीवर. घरी 'बॉर्डर' लागला की ते सुरुवातीला बसायचे आणि पत्रांचं गाणं सुरू झालं की गोठ्यात जायचे. मला वाटायचं, म्हशीची वेळ झाली. यंदाच्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवर 'बॉर्डर २'चं पोस्टर दाखवलं. खांद्यावर बझुका घेतलेला सनी देओल, तोंड उघडं. आबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"एवढा वरडतोय," ते म्हणाले, "जेवला कवा ह्यो?"

सगळं घर हसलं. मीही.

आबांच्या लढाईत सिनेमाला लागतं ते सगळं आहे. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलूच ठाण मांडून होती. ९५ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी त्यांच्या कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, एका स्थानिक म्हाताऱ्याच्या हाती. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर पाठवलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. १० डिसेंबरच्या रात्री ते शहरातून बाहेर पडायला निघाले आणि थेट वाट अडवून बसलेल्या मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले. सकाळी जमालपूर पडलं होतं. गोळीत गुंडाळलेली चिठ्ठी! यावर मी तरी अजून सिनेमा पाहिलेला नाही. मी आबांना कितीदा त्या चिठ्ठीबद्दल विचारलंय. ते म्हणतात, "ती आमाला मागनं कळली. आमाला नदीचं पानी ठावं. आन थंडी."

गेल्या वर्षी ते शाळेच्या वार्षिक समारंभाला आले, तेव्हा रविवारी आम्ही त्यांना राष्ट्रीय सैनिक स्मारक बघायला नेलं. दगडांवर ओळीने नावं कोरली आहेत. आबा १९७१ ची नावं शोधत बसले. ऊन वाढत होतं, मला आउटपासची वेळ दिसत होती. अर्ध्या तासाने त्यांनी एका नावावर बोट ठेवलं आणि काही न बोलता तसंच ठेवून उभे राहिले. मी विचारलं नाही. कळलं असतं तर विचारलं असतं.

ते कळलं या भाऊबीजेला. आबा दर भाऊबीजेला गडहिंग्लजकडच्या एका गावी जातात. लहानपणी मला सांगितलं होतं, तिथे त्यांची बहीण असते. यंदा गुडघा धरला होता म्हणून मला बरोबर घेतलं. दोन एसट्या बदलून पोचलो. पंचाहत्तरीच्या एक आजी, भिंतीवर पलटणीच्या वेशातला एक तरुण, वीस-बावीसचा असेल. स्मारकावरचं नाव त्या फोटोखाली होतं. आबांचा जोडीदार. एका मोर्च्यात दोघे होते. आजींनी आबांना ओवाळलं, मला ओवाळलं, लाडू दिले. मग ताट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "दादा, त्यानं जेवलं हुतं न्हवं?"

आबा म्हणाले, "व्हय आक्का. शक्करपारे हुतं खिशात. दोगांनी खाल्लं."

परतताना एसटीत आबांनी सांगितलं की हा प्रश्न त्या दरवर्षी विचारतात. पहिल्या वर्षी त्यांच्या आईने विचारला होता. आई गेल्यावर बहीण विचारायला लागली. "आन खरंच खाल्लं हुतं का?" मी विचारलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा उजवा कान तेव्हापासून कमी ऐकतो, मी उजवीकडेच बसलो होतो.

म्हणून मला यंदा सगळ्यांत जास्त ओढ 'बॉर्डर २'ची नाही, 'इक्कीस'ची आहे. नव्या वर्षाच्या तोंडावर येतोय. श्रीराम राघवन यांचा, अरुण खेत्रपालांवर. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरला जळत्या रणगाड्यात लढत गेले. वय २१. खडकवासल्याच्या एनडीएत जिथे परेड होते त्या मैदानाला त्यांचं नाव आहे. मला तिथे उभं राहायचंय, हे या पानावर लिहून ठेवतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००१ मध्ये त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ऐंशीच्या पुढे-मागे असताना आपलं जुनं गाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी फार आदराने पाहुणचार केला आणि परतायच्या आदल्या रात्री सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

तीस वर्षांनंतरची ही रात्र कुणीही लेखक रचू शकला नसता. ब्रिगेडियरांचं काम धर्मेंद्रने केलंय. गेल्या महिन्यात २४ नोव्हेंबरला ते गेले, त्यामुळे शेवटचे तेच दिसणार. पडद्यावर सनी देओल २३ जानेवारीला ओरडेल, त्याआधी त्याचे वडील शांत बसून एवढं ऐकून घेतील. माझं मत विचाराल तर मला दुसरं बघायचंय. पहिलंही बघणार आहे, खोटं कशाला बोलू. सोनिपतवाल्याने कपाट आत्ताच मोकळं करून ठेवलंय.

सुट्टीत आबांना साताऱ्याला घेऊन जाऊन 'इक्कीस' दाखवायचा बेत आहे. रविवारी घरी फोन करायची पाळी होती तेव्हा त्यांना सांगितलं. गोष्टही सांगितली, लाहोरची सुद्धा. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन उजव्या कानाला लावलाय.

मग म्हणाले, "त्या पाकिस्तानवाल्यानं म्हाताऱ्याला सांगितलं ते जेवनाआधी का जेवल्यावर?"

मी म्हटलं, "माहीत नाही आबा. बघू की."

"बघू," ते म्हणाले. "तिकीट काढ."